मागं मागं जाणारी शाळा

माझ्या धाकट्या दिरांना, परशरामभावजींना, एकच खोड होती. ते बेळगावात शाळामास्तर होते आणि मास्तरकी शाळेतच ठेवून घरी यायचं त्यांना जमत नसे. शिमग्याला आमच्याकडं आले तेव्हा आमचा मष्णू रेड्याच्या पाठीवर उभा राहून ओढा पार करत होता. भावजींनी ते पाहिलं आणि जेवताना विषय काढला.

"अण्णा, ही पोरं गुरांबरोबर गुरंच होणार बघ. थोरली चार माझ्याकडं दे. बेळगावात शाळेत घालतो."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. आठ पोरं मी काय प्रसादासारखी वाटायला जन्माला घातली होती?

"मी शिकवते की त्यास्नी," मी म्हणाले.

"तुम्ही? कधी? आणि कुठं, वैनी?"

प्रश्न तसा चुकीचा नव्हता. जांबोटीच्या पुढं रानात आमचं शेत, शेतातच घर. शाळा ओढ्यापलीकडं कोसभर लांब, आणि ओढा चढला की आम्ही अलीकडं आणि जग पलीकडं. मी बोरगावच्या मास्तरांची लेक. निपाणीकडच्या तंबाखूच्या मोकळ्या माळावरून लग्न होऊन या धो धो पावसात आले, ती मराठी चौथी पदरात बांधूनच. पण आठ पोरं, चार म्हशी आणि एक नवरा असलेल्या बाईनं बसून शिकवायचं कधी? म्हणून मी बसलेच नाही. बेरीज-वजाबाकी दळताना, अक्षरं चुलीपुढच्या राखेत, आणि पाढे भाताच्या लावणीत. लावणी करताना वाकून एकेक रोप चिखलात रोवत मागं मागं सरकायचं असतं. एक पाऊल मागं, एक आकडा पुढं. दिवस मावळेपर्यंत तिसाच्या पाढ्यापर्यंतचं शेत हिरवं व्हायचं.

हे सगळं भावजींना सांगणार तोवर आमच्या मालकांनी घोळ घातला. "परशा, आखाडात ये. तूच परीक्षा घे. आली पास तर ऱ्हातील हितं, न्हाय आली तर घिऊन जा."

पुढचे दोन दिवस मालकांना अळणी आमटी मिळाली. त्यांनी ती मुकाट्यानं ओरपली, म्हणजे चूक त्यांनाही कळली होती.

आखाडात ऐन लावणीत भावजी आले. खानापूरपर्यंत आगगाडीनं आणि पुढं बैलगाडीनं. बरोबर त्यांची बायको शालूबाई आणि एक जड पत्र्याची पेटी. शालूबाई बेळगावच्याच, मुलींच्या शाळेत इंग्रजी दोन बुकं शिकलेल्या, बोलायला कमी. लग्नाला बारा वर्षं झाली तरी त्यांची कूस उजवली नव्हती, आणि ती गोष्ट आमच्या घरात कुणी तोंडावर काढत नसे. मी तर त्या दिवशी त्यांच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. माझं सगळं लक्ष पोरांवर होतं.

परीक्षा कशी शाळेसारखी दिसली पाहिजे, असं मला वाटलं. तिथंच माझी अक्कल शेण खायला गेली. मी सोप्यात घोंगडं अंथरलं, पोरांची डोकी तेलानं चोपडली, धुतलेले कपडे चढवले आणि सगळ्यांना ओळीनं बसवून दम भरला, "मांडी मोडायची न्हाय. हलायचं न्हाय. हाताची घडी."

भावजींनी चष्मा पुसला. "मनू, तू थोरली. सांग, सतरा साती किती?"

मनू माझ्याकडं बघत राहिली. तीच पोर, जी एकोणतिसाचा पाढा शिंकायला न थांबता म्हणायची!

"बरं, मष्णू, मलप्रभा कुठं जाते?"

मष्णूनं दाराकडं पाहिलं, पावसाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. तिसरी पोर रडकुंडीला आली. चौथ्यानं नाक ओढलं, तेवढाच काय तो आवाज. सगळ्यांत धाकटा भावकू खुशाल झोपून गेला होता.

भावजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज हळू केला. "वैनी, राग मानू नका. तुम्ही मायेनं केलंत. पण शिकवणं म्हणजे..."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. उद्या गाडी निघणार, तीत चार पोरं बसणार आणि राहिलेली चार ओढ्याच्या काठावर भोकाड पसरणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मनूशिवाय मला चूल पेटवायचीसुद्धा सवय राहिली नव्हती. मला मनूचा राग आला, मग स्वतःचा आला. मी तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं आणि तेव्हा मला तिचा हात दिसला. हाताची घडी कधीच सुटली होती. उजव्या हाताची तीन बोटं घोंगड्यात रुतत होती, उचलली जात होती, पुन्हा रुतत होती. पोर घोंगड्यात रोपं लावत होती! पण घोंगड्याला चिखल नव्हता आणि मागं सरकायला भिंत होती.

"उठा रं समदी!" मी ओरडले, तसा भावकूसुद्धा जागा झाला. "कपडं खोचा. इरली डोईवर घ्या."

"वैनी, परीक्षा चाललीय!"

"चालतीयाच की, भावजी. लई बसली हुती. तुमीबी चला."

मालक खालच्या भातखाचरात चिखलणी उरकून बैल सोडत होते. आम्हा सगळ्यांना येताना बघून त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता रोपांच्या पेंढ्या पाण्यात टाकायला लागले. पोरं धपाधप उतरली. प्रत्येकानं लावणीची आपली पात धरली. भावजी छत्री उघडून बांधावर उभे, शेजारी दुसऱ्या छत्रीत शालूबाई.

"इचारा," मी म्हणाले.

"सतरा साती?"

मनू वाकली, एक पाऊल मागं गेली आणि सुटली. "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस..." सातव्या पावलाला एकशे एकोणीस आले आणि ती थांबलीच नाही. तिच्या शेजारची दुसरा पाढा म्हणत होती, पलीकडची तिसरा, आणि एकाचं दुसऱ्यात मिसळत नव्हतं. भावजी बांधावरनं त्यांच्याबरोबर चालत चालत ओरडून विचारू लागले. "एकोणतीस अठ्ठे?" "दोनशे बत्तीस!" "औट नव्वे?" "साडेएकतीस!"

मष्णूला पुन्हा मलप्रभा विचारली. त्यानं फावड्यानं खाचराचं तोंड मोकळं केलं. "ही बगा मलप्रभा, काका. हिकडं कणकुंबीला उगावली. ही अशी गेली, ही त्या थोरल्या पाटात पडली. थोरला पाट म्हंजी कृष्णा. आता समुद्र दावायचा तर खाली परड्यात याला लागंल."

भावजी खरंच समुद्र बघायला निघाले, आणि बांधावरनं पाय घसरून गुडघाभर चिखलात उभे राहिले. छत्री उलटी झाली. पोरं इतकी हसली की साडेतिनाची औटकी तिथंच बुडाली. भावजींनाही हसू आवरेना. चष्म्यावरचा चिखल पुसत ते म्हणाले, "वैनी, हरलो. एक पोर न्हेत न्हाय मी."

मला वाटलं, आता नाचावं. मालकांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली, ती बहुतेक माझ्या वाट्याची होती. तेवढ्यात माझी नजर बांधावर गेली. सगळे हसत होते आणि शालूबाई एकट्या छत्रीच्या दांड्याला घट्ट धरून उभ्या होत्या.

"एकबी येणार न्हाय?" त्यांनी विचारलं. भावजींना नाही, कुणालाच नाही. मग त्या वळून घराकडं गेल्या.

मी हात धुऊन मागोमाग गेले. सोप्यात त्या पत्र्याची पेटी बंद करत होत्या. झाकण लागायच्या आत मला आतलं दिसलं. नव्या कोऱ्या पाट्या, लाकडी चौकटीच्या, एकावर एक. भावजींनी मागितली होती चार पोरं. पाट्या मी मोजल्या, त्या आठ होत्या.

"एकाला दिली आन् दुसऱ्याला न्हाय, असं कसं करायचं, आक्का?" त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, चौघं घरात आली की बाकीचीबी सुट्टीला येतील. घरात आवाज हुईल." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

माझा सगळा राग, सगळी फुशारकी त्या पेटीपाशी विरघळली. मी शिमग्यापासून माझी पोरं कोण नेतंय एवढंच बघत होते. का नेतंय ते मी एकदाही पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि त्या बाईची माया आली.

"शालूबाई," मी म्हणाले, "माझी चौथी सरत आली. मनूला पुढलं काय शिकवू? मला काय येतंय? तुमी ऱ्हावा हितं लावणी सरंस्तवर. इंग्रजी शिकवा पोरास्नी."

"मला चिखलात उतरता येत न्हाय, आक्का."

"पोरास्नी तरी कुठं बसता येतंय!"

त्या रडता रडता हसल्या.

दुसऱ्या दिवशी भावजी एकटेच गाडीत बसले. "शालू, परत कधी येणार?" त्यांनी विचारलं. शालूबाई तेव्हा माझं जुनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, मनूचा खांदा धरून, पहिलं पाऊल चिखलात टाकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "लावणी सरली की," एवढंच म्हणाल्या.

मग त्या वाकल्या. पहिलं रोप तिरकं लागलं, भावकूनं ते सरळ करून दिलं. "म्हणा," त्या म्हणाल्या, "ए." आणि सगळी ओळ एक पाऊल मागं गेली. "बी." अजून एक पाऊल.

मी बांधावर भाकरीची टोपली घेऊन उभी होते. ती खाली ठेवली, काष्टा खोचला आणि भावकूच्या शेजारची रिकामी पात धरली.

"आई, तू कशाला?" मनूनं विचारलं.

"गप गं," मी म्हणाले. "सी झालं, पुढचं ऐकू दे."