वजनकाट्यावरच्या दोन नळ्या

त्या दिवशी हलेइवाच्या किनाऱ्यावर लाटा इतक्या उंच उठत होत्या, की माथ्यावर बसलं तर शेजारच्या बेटावरच्या बायका चुलीवर काय रांधतायत ते दिसावं. बंदोबस्तवाल्यांनी पट्ट्या बांधून किनारा बंद केला होता, म्हणून तर सगळे धक्क्यावरून आपापल्या जेट-स्की पाण्यात सोडत होते.

हाउनानी मात्र स्वयंपाकघरात बसून होती. अकरा महिने ती अशीच बसत होती. भाऊ काइपो गेल्या जानेवारीत याच लाटांत गेला. तो सापडला नाही, त्याचं फुगणारं जॅकेट तेवढं दहा दिवसांनी किनाऱ्याला लागलं. न फुगलेलं. हाउनानी रडली नाही. तिला भूक लागेना, जेवणाची चव कळेना.

काइपोचा दोस्त नाहेले दारातून आत आला तो बाहेर टांगलेलं तेच जॅकेट हातात घेऊन.

"ताई, जेट-स्की तू चालव. मला फळीसकट ओढून लाटेवर सोडायला तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही."

"ते जॅकेट ठेव जागेवर."

"माझं फाटलंय. आणि मला हेच घालायचंय. त्यालाही जरा फिरवून आणू."

"जा गं पोरी," आजी लेपेका तव्यावरून मासा उलटत म्हणाली. "माझ्या आजीच्या वेळची लाट तर याहून मोठी. एकजण वर चढला आणि दोन दिवस उतरतच राहिला. खाली पोचला तर बायकोनं दुसरा घरोबा केलेला!"

"टुटू, परवा तीन दिवस म्हणालीस," नाहेले आजीला म्हणाला.

"परवा वारा उलटा होता."

हाउनानी हसली नाही. ती जॅकेटकडे बघत होती. त्याचा दोर ओढला की आतल्या दोन नळ्यांतला गॅस सुटतो आणि माणूस बुचासारखा वर येतो. पण नळी एकदाच चालते. काइपोनं जाण्याच्या आदल्या आठवड्यातच दोर ओढला होता. नव्या नळ्या बसवायचं काम जेट-स्की चालवणाऱ्याचं, म्हणजे तिचं. बसवल्या होत्या का? तिला आठवत नव्हतं. अकरा महिन्यांत ते जॅकेट तिनं उघडलं नव्हतं.

आता नाहेले ते घालणार म्हणजे उघडणं भाग होतं.

तिनं नळ्या काढल्या. गंजलेल्या होत्या, गॅस सुटताना तोंडाला पडणारं भोक आहे की नाही दिसेना. मग तिनं पोईचा, अळूच्या कंदांचा लगदा मोजायचा, वजनकाटा पुढे ओढला. एका कडेला पोई वाळून चिकटलेली होती, ती नखानं खरवडली. आधी डब्यातली नवी, भरलेली नळी ठेवली. काटा सरकला, थांबला. मग जुनी ठेवली.

काटा तिथंच थांबला.

दुसरी ठेवली. तिथंच.

"भरलेल्या आहेत," ती म्हणाली. "मी बसवल्या होत्या. त्यानं दोर ओढलाच नाही."

नाहेलेनं जुनी नळी हातात घेऊन फिरवली. मग म्हणाला, "फळी डोक्यात बसली असणार, ताई. ओढायला शुद्ध लागते."

तिनं वाट पाहिली. आता रडू येईल, छातीवरचं काहीतरी उतरेल. काहीच झालं नाही. पाणी गेलेल्या नळासारखं कोरडं. तिनं जॅकेटचे टाके, पिशवी, दोर तपासले, दोन नव्या नळ्या घट्ट फिरवून बसवल्या आणि चावी घेतली.

बाहेरच्या, पाण्याखालच्या खडकापर्यंत तिनं त्याला जेट-स्कीच्या दोरीनं फळीवरून ओढत नेलं, पाण्याचा डोंगर उभा राहिला तसं ओरडली, "सोड!" आणि बाजूला वळली. नाहेले इवल्या मुंगीसारखा खाली सरकला. मग पांढरा फेस त्याच्या अंगावर कोसळला.

एक. दोन. ती मोजत होती. सात. आठ. अकराला फेसातून पिवळं जॅकेट टम्म फुगून वर आलं.

तिनं त्याला काखेत धरून जेट-स्कीमागच्या छोट्या तराफ्यावर घेतलं. तो खोकत हसत होता. "परत जाऊ?"

"आधी नळ्या बदलायच्या. घरी चल."

घरी आल्यावर तिनं रिकाम्या नळ्या काट्यावर ठेवल्या. काटा खूपच अलीकडे थांबला. तो किती अलीकडे थांबतो ते ती बघत राहिली. बघता बघता ताटातला माशाचा तुकडा तोंडात गेला.

"टुटू, मीठ जास्त झालंय."

लेपेकानं झारा खाली ठेवला.

"अकरा महिने एवढंच घालतेय!"