डावीकडचा खोका

परशुराम धुरी बोटीवर इंजिनघरात तेलवाला होता आणि माणसावर विश्वास ठेवायची त्याला सवय नव्हती. बावीस वर्षं त्यानं यंत्रांचे आवाज ऐकत पोट भरलं. कुठली बेअरिंग कुरकुरते, कुठला पंप धापा टाकतो, हे त्याला इंजिनिअरच्या आधी कळे. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं त्याचं म्हणणं. मासेवालीनं दोन बांगडे जास्त घातले तर तो ते उलटसुलट करून वास घेई.

या खेपेला त्यानं परमुलखातल्या जुन्या बाजारातून तबकड्या वाजवायचं यंत्र आणलं होतं. साधं नव्हे, स्टिरिओ. त्याला दोन लाऊडस्पीकर लागतात, एक डाव्या हाताला आणि एक उजव्या. ते मात्र सामानात मावले नव्हते. मालवणात वीज आलेली होती, यंत्र पडवीत मांडलेलं होतं, आणि शिमगा झाला की बोटीवर परत चढण्याआधी मुंबईला डॉक्टरच्या तपासणीला जायचं होतं. डॉक्टरनं शिक्का मारला तरच बोट. तोवर स्वस्तातले दोन स्पीकर घेऊन मनसोक्त ऐकायचं, एवढीच त्याची हौस.

मालवणातले दुकानदार ओळखीचे, म्हणजे नक्की फसवणार. म्हणून तो एसटीनं जवळच्या कट्टा गावाला गेला. तिथं भाई नार्वेकर रेडिओ दुरुस्त करायचा आणि लग्नाला, जत्रेला कर्णे भाड्यानं द्यायचा.

"दोन कित्याक?" भाई म्हणाला. "माझ्या एका कर्ण्यार आख्खी जत्रा ऐकता."

"जत्रा नको. गाणा होया."

पत्र्याचा कर्णा परशुरामानं ऐकताक्षणी परत केला. त्यातून गाणाऱ्याला पडसं झाल्यासारखं वाटत होतं. मुंबईहून आलेली तयार जोडी झकास होती, पण ती साहेबलोकांच्या खिशाची. मग भाईनं स्वतः बनवलेले दोन खोके पुढे केले. फणसाचं लाकूड, आत सहा इंची स्पीकर, तोंडावर जुन्या सोफ्याचं कापड. परशुरामानं फणस पिकलाय का बघावं तसे ते टिचकी मारून पाहिले. दुकानात दोन्ही एकेक करून समोर ठेवून वाजवले. आवाज भरदार निघाला. तरी निघताना त्यानं एका खोक्याच्या पाठीवर गुपचूप चुन्याचा ठिपका काढला. वाटेत बदलाबदल नको.

घरी पडवीच्या दोन टोकांना दोन खोके ठेवले, मधोमध आरामखुर्ची, तोंड अंगणाकडे. यंत्राबरोबर आलेल्या तबकडीवर गाणं नव्हतंच, नुसते आवाज होते. त्यात एक आगगाडी. ती उजवीकडून यायची, शिट्टी घालायची आणि खडखडत डावीकडे निघून जायची. निदान तबकडीच्या पाकिटावर तसं चित्र होतं.

परशुरामाच्या पडवीत मात्र गाडी उजवीकडून आली, मध्यापर्यंत पोचली आणि कुठंतरी विरून गेली.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. "डावो खोको मेलो आसा!"

"मेलो खंय?" त्याची बायको यशोदा दारातून म्हणाली. तिनं जन्मात आगगाडी पाहिली नव्हती. "गाडी गेली की हयसून थंय. गोठ्याच्या दारातसून भायर पडली."

परशुरामानं तिच्याकडे रोखून पाहिलं. ही भाईची बाजू का घेते? हल्ली तिचं काहीतरी बिनसलंच होतं. गेल्या खेपेला तो घरी आला, तेव्हापासून तिनं जेवताना आपला पाटसुद्धा हलवला होता. आधी ती त्याच्या डाव्या बाजूला बसायची, आता उजवीकडे. विचारलं तर म्हणे, चुलीचा धूर लागतो.

दुसऱ्या दिवशी डावीकडचा, ठिपक्याचा खोका काखोटीला मारून तो कट्ट्याला. भाईनं समोर ठेवून वाजवला. भरदार! मुकाट्यानं दुसरा खोका बदलून दिला. परशुरामानं त्याच्यावरही चुन्याचा ठिपका काढला. घरी आणला, डावीकडे ठेवला, मेला. मग डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे करून पाहिला. पुन्हा डावीकडचाच मेला. वायर बदलली. काही फरक नाही. म्हणजे भाईनं दोन्ही खोक्यांत काहीतरी करून ठेवलं होतं, एवढंच त्यातून सिद्ध झालं. संशयी माणसाला पुरावा सापडायला वेळ लागत नाही.

शेवटी त्यानं देवाला कौल लावला. गुरवानं पाषाणावर पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "डाव्या खोक्यात खोट आसात तर उजवो कौल दी, महाराजा." पाकळी पडली ती डावीकडची. खोट नाही.

परशुराम हात जोडून बाहेर आला आणि पायरीवरच त्याला आठवलं की देवळाच्या जत्रेला कर्णा फुकट कोण देतं? भाई नार्वेकर! आता गुरवही त्यातलाच.

"तुमी देवाकय खोटो पाडलात?" यशोदा हे ऐकून संतापली. "उद्या म्हणशात, समुद्र भाईक सामील आसा!"

"तुयय त्यांतलीच!" तो ओरडला. रागानं त्यानं खुर्ची गर्रकन फिरवली आणि अंगणाकडे पाठ, भिंतीकडे तोंड करून बसला. ऐकायचंच नाही म्हणाला.

यशोदाला ती गाडी आवडायची. तिनं आपल्यापुरती तबकडी लावली.

भिंतीकडे बघत बसलेल्या परशुरामाला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग कुठूनतरी गाडी आली, जवळ आली आणि त्याच्या उजव्या कानाशी एवढी जोरात खडखडली की तो दचकला. ज्या खोक्याला तो आठवडाभर मेलेला म्हणत होता, तोच गर्जत होता.

त्याला पहिला संशय आला तो यशोदाचा. हिनं खोके बदलले! उठून त्यानं ठिपका पाहिला. ठिपका जागच्या जागी होता. त्यानं खुर्ची पुन्हा अंगणाकडे वळवली. "परत लाव." गाडी उजवीकडून आली आणि मध्येच विरली. मग त्यानं हळूच तळहातानं उजवा कान दाबून धरला.

गाडी नव्हती. नुसती गाज होती, लांबची, आणि ती समुद्राची नव्हती, त्याच्या डाव्या कानातली होती.

त्याला भीती वाटली, बोटीवर वादळातही वाटली नव्हती अशी. मागच्या सफरीत धाकट्या इंजिनिअरनं दोनदा विचारलं होतं, डाव्या पंपाचा आवाज बरोबर आहे ना? तो ठामपणे हो म्हणाला होता. डॉक्टर एकेका कानात कुजबुजून विचारतो. उत्तरं अंदाजानं ठोकून देता येतील, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्याला त्या पंपाच्या आसपास वावरणारी माणसं दिसली.

"यशोदा, तुका म्हायत होता?"

ती त्याच्या उजवीकडे येऊन उभी राहिली. "वरीस झाला. डावीकडसून हाक मारलंय तर तुमी ओ देय नाय होतात. म्हणान पाट हलवलंय."

"माका सांगूक नाय?"

"तुमका सांगून पटला असता?"

आठवडाभर ज्यांना ज्यांना चोर ठरवलं, ते सगळे त्याला ओळीनं आठवले आणि लाजेनं त्याची मान खाली गेली. भाई, गुरव, देव, आणि ही.

"डॉक्टराक खरां सांगतलंय," तो म्हणाला. "बोट गेली तर गेली."

मग आत जाऊन त्यानं यशोदाचा पाट आणला, आपल्या खुर्चीच्या उजव्या हाताला मांडला आणि तिला बसायला सांगितलं. तबकडी त्यानं स्वतः लावली. गाडी आली, मध्यापर्यंत पोचली आणि त्याच्यापुरती विरली.

"सांग," तो म्हणाला, "आता खंय पावली?"

"गोठ्याकडे," यशोदा म्हणाली. "अजून जाता आसा."

परशुरामानं मान हलवली. तिच्या शब्दावर त्यानं विश्वास ठेवला.