रुमालातली झोप

लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याच्या गाड्या तशाच सोडून माणसं निद्रानाथ महाराजांच्या मांडवात दाटली होती. महाराजांचा न्याय सोपा. तोंडावर ओला रुमाल धरायचा. निर्दोष माणसाला देव झोपवतो, चोर जागा राहतो. सांडूच्या घरातली सोन्याची पोत हरवली होती, म्हणून आज त्याचं सगळं घर ओळीनं बसलं होतं.

"खिचडीचा परसाद पोटभर खा, मंग देवाच्या मांडीवर निजा," महाराज म्हणाले. त्यांच्या पाठीमागं टेबलफॅन भरधाव फिरत होता.

पहिली पाळी पाच वर्षांच्या नातीची, सोनियाची. पोरगी हमसून हमसून रडत होती, ती दोन मिनिटांत निपचित पडली. लोकांनी हात जोडले. मग धाकटी सून मोनिका. पाच मिनिटं झाली तरी ती टक्क जागी.

"लेकरू निष्पाप. हिच्या पोटात पाप हाय, झोप येईल कुठून?" महाराज म्हणाले.

सांडू उठला. "हिला हिची पिशवी द्या. माहेरी धाडा."

तेवढ्यात मोनिकाची मावशी सुलेखा मांडवात शिरली. संभाजीनगरच्या दवाखान्यात ती रोज भूल द्यायची. सकाळी भाचीचा फोन येताच निघाली होती. रुमालाचा गोडसर वास नाकात गेला आणि तिचं डोकं सणकलं. तिनं आधी सोनियाला कुशीवर वळवलं. त्याच क्षणी पोरीच्या तोंडातून खिचडी बाहेर आली.

"उताणी असती तर हे फुप्फुसात गेलं असतं. आम्ही भूल द्यायच्या आधी उपाशी ठेवतो, आणि हा जेवू घालतो." तिनं महाराजांच्या चौरंगाखाली हात घालून बाटली काढली. "सांडूभाऊ, लेबल वाचा."

"क्लो-रो-फॉर्म," सांडूनं अक्षरं जुळवली.

"हे भुलीचं औषध. जेवढं छातीत ओढाल तेवढं मेंदूत जातं. रडणारं लेकरू भराभर श्वास ओढतं, म्हणून लवकर गुंगतं. मोनिका, तू काय करत होतीस?"

"भ्यावानं श्वास धरून धरून थोडा थोडाच घेत होते, मावशी."

सुलेखानं रुमाल पुढं केला. "महाराज, तुम्ही तर निर्दोष. पाठीमागचा पंखा बंद करून घ्या दहा श्वास."

महाराज मागं सरकले. "आमाला जागं ऱ्हायाचा हुकूम हाय."

"डॉक्टरीणबाईच्या नजरेनं शक्ती उतरली," मागून कुणी तरी बोललं. सुलेखाला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. बाटली समोर होती, ओकारी समोर होती, तरी यांना शक्तीच दिसत होती.

"पन मंग पोत कुनी घेतली?" सांडूनं विचारलं.

"मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. घर झाडून बघा, पोलिसांत जा. पण माहीत नाही ते माहीत नाही म्हणायला शिका. उत्तर सापडत नाही म्हणून माझ्या पोरीला चोर ठरवू नका."

सोनियानं अर्धवट डोळे उघडून "काकू" म्हटलं, आणि मोनिकानं तिचं डोकं मांडीवर घेतलं.

सांडूनं खाली वाकून मोनिकाची पिशवी उचलली आणि स्वतःच्या खांद्याला अडकवली. "जीप बोलवा," तो म्हणाला. "आधी दवाखाना. मंग घरी. सून बी संगं."