साचेखात्यातलं बोलणं

कांडीवाली सिनेमाला आली ती नवऱ्याला बघायला. जन्मभर गिरणीत सुताच्या कांड्या भरून तिचे गुडघे कामातून गेले होते, तरी लेकीचा हात धरून ती थिएटरच्या पायऱ्या चढली. घरात नवऱ्याचा एकही फोटो नव्हता. हल्ली त्याला आठवायला बसलं की दिराचाच चेहरा पुढे यायचा आणि तिचा जीव कासावीस व्हायचा. लेकीने तर बाप पाहिलाच नव्हता. ती पोटात असतानाच तो तापाने गेला.

त्याच्या थोडंच आधी कामगारांच्या हालांवर सिनेमा काढायला गिरणीत माणसं आली होती. गर्दीत उभे करायला त्यांनी खरेखुरे कामगार घेतले, त्यात तिचा नवराही होता. उपाशी दिसायला त्यांना रंग फासावा लागत नव्हता, तेवढाच खर्च वाचला. तो जुना सिनेमा आता पुन्हा लागला होता. एरवी पैसे देऊन हाल बघायची तिला कुठली हौस; घरी काय कमी होते?

पडद्यावर कापड विणणारे साचे धडाधड चालले होते आणि त्यांच्यामध्ये उभा राहून गुबगुबीत नायक भुकेवर भाषण ठोकत होता. कांडीवालीला हसू आलं. साचेखात्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. तिथे सगळे नुसते ओठ हलवून बोलत आणि समोरचे ओठ बघून ओळखत. नवराबायकोची भांडणंसुद्धा तिथे बिनआवाजाची होत.

तेवढ्यात नायकाच्या खांद्यामागे तो दिसला. तोच, रुंद कपाळाचा. शेजारच्याकडे वळून काहीतरी सांगत होता. कांडीवालीने लेकीचा हात घट्ट धरला आणि ओठांवरून नजर हलवली नाही. मग चित्र बदललं.

"काय म्हणत होते बाबा?" लेकीने हळूच विचारलं.

कांडीवालीला तो सिनेमा काढल्याचा दिवस आठवला. त्या दिवशी सिनेमावाल्यांनी दिलेलं जेवणाचं पुडकं त्याने घरी आणलं होतं. आपण पोटभर जेवलो, हे उरलं, असं म्हणाला होता. तिने ते चाटूनपुसून खाल्लं, वर एवढंच का म्हणून कुरकुरली.

"म्हणत होते, सकाळपासून पोटात काही नाही, पण हे घरी नेतो. तिला कळू देऊ नको. पोटातलं लेकरू वाढतंय."

नायक अजून भुकेवर बोलतच होता. लेकीचं तिकडे लक्ष नव्हतं.

"म्हणजे मी त्यांना माहीत होते," ती म्हणाली.