आकड्याआधीचं शून्य

मांजरेच्या काठच्या त्या गावाला भोंगा मिळाला तो वीरेशमुळं. वीरेश म्हणजे बंडेप्पांचा एकुलता एक मुलगा, हैदराबादच्या एका कंपनीत संगणक सांभाळणारा. बाहेरगावी गेलेल्या मुलांना अधूनमधून गावाचं भलं करायची उबळ येते, तशी त्यालाही आली. पण त्याची उबळ दिखाऊ नव्हती. वरच्या धरणाचं पाणी सोडलं की इथं लख्ख ऊन असतानाही नदी फुगायची, आणि ते कळायचं पाणी पायाशी आल्यावर. हे त्याला लहानपणापासून खटकत होतं.

त्यानं सुट्टी काढून पंचायतीच्या गच्चीवर भोंगा बसवला आणि खालच्या खोलीत डब्याएवढा संगणक ठेवला. गावाच्या वरच्या अंगाला, अर्ध्या तासाच्या चालीवर, एक बंधारा आहे. तिथल्या खांबावर सेंटिमीटरचे पट्टे रंगवले. बंडेप्पांनी बंधाऱ्याजवळच्या खोपीत बसायचं, पाणी कुठल्या पट्ट्याला लागलंय ते वाचायचं आणि तो आकडा मोबाइलवरून पाठवायचा. संगणक तो आकडा तीनशेशी ताडून बघणार, आणि जास्त असला की भोंगा वाजवणार. त्यासाठी वीरेशनं शेल स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे संगणकाला एकाखाली एक दिलेले हुकूम. पानभरसुद्धा नव्हती ती. उद्घाटनाच्या दिवशी तो स्वतः बंधाऱ्यावर गेला, आपल्या फोनवरून ३१० असं पाठवलं, आणि इकडं गावात भोंगा असा कोकलला की कुत्री शेताकडं पळाली. शेजारचे अंकुशराव म्हणाले, "कारखान्याचा भोंगा ह्याच्यापुढं पिपानीच की!"

सगळ्यात खूश होते ते बंडेप्पा. जन्मभर भालकीच्या अडत दुकानात मुनीमकी केलेल्या माणसाला म्हातारपणी पुन्हा आकड्याचं काम मिळालं. ते रोज धोतर बदलून ऐटीत बंधाऱ्यावर जायचे.

मग घट बसायच्या आधीचे दिवस आले. आपल्याकडं नवरात्राआधी घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर नेऊन धुतात, त्याप्रमाणं गावातल्या बायका दुपारच्या वेळी नदीत उतरल्या होत्या. आभाळ कोरडं होतं. खडकांवर वाकळा वाळत पडल्या होत्या. पाणी चढलं तेव्हा एकीनं आरडाओरडा केला, सगळ्या वर पळाल्या, आणि अंकुशरावांच्या सुमनबाई तेवढ्या मागं फिरल्या. सुनेनं शिवलेली नवी वाकळ खडकावर राहिली होती. बाई गेली. वाकळही गेली. भोंगा वाजलाच नाही.

गावातली चार माणसं तरातरा बंधाऱ्यावर गेली, तर खोपीत बाजेवर बंडेप्पा डोळे मिटून पडलेले. हात छातीवर, पागोटं उशाला. झालं! गावाला आणखी काय पुरावा पाहिजे? म्हातारा झोपला आणि बाईचा जीव गेला, एवढ्यात सगळ्यांचं समाधान झालं. समाधान म्हणजे काय, कुणाच्या तरी नावावर टाकता आलं.

वीरेश हैदराबादेहून आला तेव्हा सुमनबाईंचं दिवसकार्यही उरकलं होतं. घरात बंडेप्पा भिंतीकडं तोंड करून बसले होते. लिंगपूजा तेवढी करायचे, ताटाला शिवत नव्हते.

"काई खाईनात बघ," त्याची आई मल्लव्वा म्हणाली. "आन् एकच बोलायलेत. धाडलो का न्हाई धाडलो, धाडलो का न्हाई."

"अप्पा, तुमी आकडा पाठवलता का?" वीरेशनं विचारलं.

"पाठवलो म्हनून तर आडवा झालो रे," बंडेप्पा म्हणाले. "भोंगा काई बंधाऱ्यापातूर ऐकू येत न्हाई. म्हनलं आता वाजंल, माजं काम झालं. पर सगळे म्हनतेत झोपला. मंग मलाबी वाटायलंय, सपनातच धाडलो का काय." त्यांच्या बटणांच्या फोनात पाठवलेले निरोप राहत नव्हते. त्यामुळं त्यांना स्वतःवरसुद्धा विश्वास ठेवायला जागा उरली नव्हती. बापाला असं बघून वीरेश उठला आणि तडक पंचायतीच्या खोलीत जाऊन संगणकापुढं बसला. निरोप आला असेल तर तिथं त्याची नोंद असणारच.

होती. त्या दुपारची, ठळक: 0340.

अप्पा जागे होते. त्यांनी वेळेवर आणि बरोबर आकडा पाठवला होता. वीरेशला इतका आनंद झाला की तो खुर्चीतून अर्धा उठला. आणि तसाच, अर्धवट उठलेला, थांबला. त्याची नजर तीनशे चाळीसच्या आधीच्या शून्यावर गेली होती.

अडत दुकानातली शिस्त होती ती. आकड्याच्या डाव्या अंगाला जागा मोकळी ठेवायची नाही, नाहीतर कुणी लबाड माणूस तिथं एक घालून चाळीसचे एकशे चाळीस करतो. म्हणून बंडेप्पा प्रत्येक आकड्याआधी शून्य ठोकायचे. वीरेशला अंकलिपी शिकवतानासुद्धा त्यांनी हेच शिकवलं होतं. वीरेश शाळेत गेल्यावर ते विसरला. आणि शेलची तऱ्हा अशी, की तिथल्या गणितात शून्यानं सुरू होणारा आकडा दहाच्या नव्हे, आठच्या पटीनं मोजला जातो. त्या मोजणीनं 0340 म्हणजे तीन वेळा चौसष्ट आणि चार वेळा आठ, आपले दोनशे चोवीस. दोनशे चोवीस काही तीनशेहून जास्त नाहीत. संगणकाच्या लेखी नदी शांत होती.

वर सरकत गेल्यावर त्याला आणखी वाईट दिसलं. आठच्या मोजणीत आठ आणि नऊ हे अंकच नसतात, म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला 0098 आला तेव्हा संगणकानं चक्क तक्रार नोंदवली होती. असल्या तक्रारीच तेवढ्या संगणक त्याला पाठवायचा, आणि ती ओळ वीरेशनं हैदराबादेत बसून वाचली होती. नेटवर्कची काहीतरी खोडी असेल म्हणून चहा प्यायला उठून गेला होता. त्या चहाची त्याला आता शिसारी आली. शेलमधलं शून्य माहीत नसणारा नवशिका नव्हता तो, ऑफिसात नव्या पोरांना हीच चूक समजावून सांगायचा! फक्त आपला बाप आकड्याआधी शून्य लावतो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

दुरुस्ती तीन अक्षरांची होती. आकड्यापुढं 10# लिहिलं की संगणक दहाच्या पटीनं मोजतो. त्यानं ते लिहिलं आणि सवयीनं, हात डोक्याच्या पुढं धावतात तसं, आपल्या फोनवरून 0340 पाठवून बघितलं.

गच्चीवर भोंगा कोकलला.

सगळं गाव दाराबाहेर आलं. बाया पोरांना ओढत चढाकडं पळायला लागल्या. वीरेशनं धडपडत भोंगा बंद केला आणि बाहेर येऊन ओरडला, "काई न्हाई, काई न्हाई! तपासायलो व्हतो!" लोक जागच्या जागी थांबले. मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी भोंगा चांगला हाय की." दुसऱ्यानं पुरं केलं, "मंग म्हाताऱ्यानं निरोपच धाडला न्हाई." बापाला सोडवायला आलेल्या मुलानं बापाचा गुन्हा चारचौघांत शाबीत करून दाखवला होता. तिथंच खरं सांगायचं होतं त्याला. तोंड उघडलंही. पण समोर इतकी माणसं, इतके डोळे, आणि त्याचे पाय घराकडं वळले.

घरी येऊन त्यानं अप्पांना सगळं सांगितलं. शून्य, आठची मोजणी, तक्रारीची ओळ, चहासकट. बंडेप्पांनी भिंतीकडचं तोंड वळवलं.

"म्हंजी म्या जागा व्हतो."

"व्हय अप्पा."

"आकडा बराबर व्हता."

"बराबर व्हता. चूक माजी हाय. म्या आत्ता जाऊन सांगतो सगळ्यान्ला."

बंडेप्पांचा चेहरा किंचित उजळला, आणि वीरेशला वाटलं, चला, एक तरी माणूस वाचला. पण म्हातारा मुनीम होता. हिशेबाच्या शेवटापर्यंत गेल्याशिवाय थांबला नाही.

"शून्य म्या घातलो," बंडेप्पा म्हणाले.

"घातलात तर काय झालं? मला वळखाया पायजे व्हतं!"

"घातलो म्याच की रे." मग त्यांनी वीरेशचं मनगट धरलं, त्यांच्या बोटांत अजून चांगला जोर होता. "कुनाला सांगू नको. म्हातारा झोपला म्हनतेत, म्हनू दे. म्हाताऱ्याला डोळा लागतोय, हे मानसाला कळतंय. तुजं हे आठचं गनित कुनाला कळंल? तू बाई मारलास म्हनतील. तुला हितं कुनी उभं करायचं न्हाई."

"अप्पा, आसं कामून बोलायलाव? म्या न्हाई ऐकनार."

"मल्लव्वाला कोन बघंल मंग? म्या किती दिवसाचा?"

वीरेश आणखी काही बोलणार तोच दारात अंकुशराव उभे दिसले. डोकं भादरलेलं, डोळे खोल गेलेले. शेजारचं घर, रोजचं येणं-जाणं, पण सुमनबाई गेल्यापासून त्यांनी हा उंबरा ओलांडला नव्हता. आताही ते बाहेरच थांबले.

"बंडेप्पा अण्णा," ते म्हणाले, "लोक काईबी बोलायलेत, म्या मनाला लावून घेतलो न्हाई. म्हनलं भोंग्यातच बिघाड आसंल. पर आत्ता ऐकलो भोंगा. एकदाच सांगा, पुन्ना इचारनार न्हाई. निरोप धाडलाव का न्हाई?"

वीरेशच्या जिभेवर शब्द तयार होते. फक्त बाहेर काढायचे होते.

"न्हाई, अंकुशराव," बंडेप्पा म्हणाले. "डोळा लागला."

सुटलो. वीरेशच्या मनात हाच शब्द आला, दुसरा नाही. त्याला स्वतःची किळस आली, आणि तरीही छातीवरचं ओझं उतरलं होतं, ते काही खोटं नव्हतं.

अंकुशराव ओरडले नाहीत, शिवी दिली नाही. मग आत आले, बंडेप्पांना वळसा घालून वीरेशजवळ गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"लेकरा, तू मनाला लावून घेऊ नको," ते म्हणाले. "तुजं तू चांगलंच केलतास. तुजी काय चूक?"

बंडेप्पांनी पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

"व्हय, काका," वीरेश म्हणाला.