काडीची वेल

द्राक्षाच्या पानात एवढं काय बघायचंय, हे कुंदा तायडेला निम्म्या खानदेशानं विचारून झालं होतं. साल सत्त्याण्णव. धुळ्याच्या कॉलेजात ती पीएच.डी. करत होती. गावोगाव हिंडायचं, जुन्या द्राक्षवेलींची कोवळी पानं बर्फाच्या डब्यात भरायची, प्रयोगशाळेत ती वाटून त्यांतला डीएनए काढायचा आणि कोणती वेल कोणाची कोण लागते ते ठरवायचं, हे तिचं काम. लोक हसायचे. हसोत बापडे! एकाच जातीला पाच गावांत पाच नावं आणि एकाच नावाखाली तीन जाती, हा गोंधळ कोणीतरी निस्तरायला नको का?

पारोळ्याजवळच्या खेड्यातल्या पार्वताबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या अंगणात काळ्या द्राक्षांची एक वेल होती, बारीक मण्यांची, बियांची. तशी कुंदानं दुसरीकडे कुठे पाहिली नव्हती. पानं त्यांनी खुशाल तोडू दिली, पण काडी छाटायला कुंदानं कात्री उघडली तसा तिचा हातच धरला.

"पानं ले, माय. काडी नही. काडी फक्त आंडेरसंगे जास."

आंडेर म्हणजे लेक. त्यांच्या घरची रीतच तशी. लेक सासरी निघाली की या वेलीची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या ओटीत घालायची, तिनं ती सासरच्या दारात लावायची. पार्वताबाईंची एकुलती एक लेक बेबाबाई. पहिली काडी सासरी वाळली, म्हणून माहेरपणाला आली तेव्हा आईनं दुसरी कापून दिली आणि एसटीत बसवून दिलं. त्यानंतर बेबाबाई कोणाला दिसली नाही. ती घरी आलीच नाही, वाटेतूनच कोणाचा तरी हात धरून पळाली, असं सासरच्यांनी कळवलं. पारोळ्याच्या बाजारापर्यंत लोकांनी ते मिटक्या मारत ऐकलं. मेल्यांना दुसरा उद्योग नव्हता! बाप आधारभाऊ त्या धसक्यानं गेले. पार्वताबाई मागे राहिल्या, खाली मान घालून पाणी भरत. लेकीच्या सासरच्या गावाचं नाव त्या तोंडातूनसुद्धा काढत नसत.

"तुनं मशीन वेल वळखस ना?" त्या म्हणाल्या. "मंग मनी वेल धुंड. बेबी कोठे बी राहो, तिनी काडी लायेलच व्हई. जठे मनी वेल, तठे मनी बेबी."

कुंदानं हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? म्हातारीसमोर विज्ञान शिकवत बसायला ती काही इतकी बिनडोक नव्हती.

आणि वैशाख लागता लागता ती वेल सापडली की हो!

जेलच्या, म्हणजे थिजवलेल्या खळीसारख्या पदार्थाच्या, पातळ वडीवर प्रत्येक वेलीच्या डीएनएच्या रेघा उमटतात. जांभळ्या दिव्याखाली धरलं की नारिंगी चमकतात. पार्वताबाईंच्या वेलीच्या रेघा सगळ्यांहून निराळ्या होत्या, आणि थेट तशाच रेघा दुसऱ्या एका नमुन्याला आल्या होत्या. तो नमुना जामनेरकडच्या एका शेतातला. रस्त्यानं जाताना निंबाच्या झाडावर चढलेली वेल दिसली, म्हणून कुंदानं उतरून पानं तोडून घेतली होती. आधी तिला वाटलं, आपणच नळ्यांची अदलाबदल केली. स्वतःला चार शिव्या घालून तिनं उरलेल्या पानांवर सगळं पुन्हा केलं, डीएनएतले हवे ते तुकडे हेरणारे वेगवेगळे प्रायमर लावून पाहिले. रेघा हलायला तयार नाहीत.

बी रुजवलं तर वेल वेगळी निघते, आईबापांहून पोरं वेगळी निघतात तशी. रेघा इतक्या तंतोतंत जुळायला काडीच लावावी लागते. म्हणजे कोणीतरी हातानं नेलेली काडी जामनेरला पोचली होती. म्हणजे बेबाबाई होती! नव्या माणसाबरोबर संसार थाटून तिथंच कुठेतरी नांदत होती. कुंदाला इतका आनंद झाला की तिनं गाईडलासुद्धा सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी जामनेरची एसटी पकडली.

भर दुपारी ती त्या शेतात पोचली. वैशाखात सगळं रान भाजून निघालेलं, आणि ती वेल मात्र काळसर हिरवीगार. निंबाला तिनं असं लपेटलं होतं की झाडाचं एक पान दिसत नव्हतं. घड जागच्या जागी सुकले होते, एकाही मण्याला चोच लागलेली नव्हती. वारा नव्हता, तरी आतली पानं हळूहळू हलत होती.

खळ्याकडून एक बाई आली. मंदाबाई तिचं नाव. कुंदानं हसून विचारलं, "बेबाबाई इथंच राहतात ना? माहेर पारोळ्याकडचं?"

बाईच्या हातातलं घमेलं खाली पडलं.

"ती माझ्याआधीची," मंदाबाई म्हणाली. "मालकांची पहिली. माहेराहून निघाली ती इथं आलीच नाही. वाटेतूनच पळाली म्हणतात."

हे नवं घर नव्हतंच. ज्या सासरी बेबाबाई पोचली नव्हती, तेच हे सासर.

"मग ही वेल कोणी लावली?"

"कोणीच नाही. आपोआप आली." मंदाबाई जमिनीकडे बघत भराभरा बोलायला लागली, जणू कोणी विचारेल याचीच वाट बघत होती. "मालक दर साली कापतात. रॉकेल ओतून जाळलीसुद्धा. पुन्हा येते. कापली की तिच्यातून पाणी गळतं बाई, दिवसेंदिवस गळतं. मी तर इकडं पोरांना फिरकू देत नाही."

"मुळासकट का नाही काढली?"

"मूळ वर कुठं आहे? विहिरीत आहे ते."

तेव्हा कुठे कुंदाला पायाखालचे दगड दिसले. वेलीनं झाकलेल्या विहिरीच्या काठावर ती उभी होती. पानं बाजूला सारून तिनं वाकून पाहिलं. खाली दगडमातीनं अर्धी बुजवलेली विहीर, आणि हात पोचणार नाही अशा एका कपारीतून मनगटाएवढं खोड वर आलेलं. आतून गार हवा आली.

"मी लग्न करून आले तेव्हा नुकतीच बुजवली होती," मंदाबाई पुटपुटली. "पाणी बाटलं, म्हणाले."

"कोण आलंय?"

मागे कौतिक उभा होता, बेबाबाईचा नवरा. तो कधी आला ते कळलंच नाही. बोलणं अगदी मऊ.

"पाखराईनं बी टाकलं, मॅडम. पाखराचं बी कुठंही रुजतं."

"या झाडावर पाखरं बसत नाहीत," मंदाबाई बोलून गेली. कौतिकनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती घमेलं उचलून निघून गेली.

बी! बी असतं तर एक तरी रेघ सरकली असती. हे कुंदाच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. कौतिक पाणी घ्या म्हणाला. तिला त्या घरचं पाणी नको होतं. ती जवळजवळ पळतच रस्त्यावर आली.

पारोळ्यापर्यंतच्या प्रवासात ती एकच विचार करत राहिली. सांगायचं कसं? नमुना चुकला म्हणावं आणि मोकळं व्हावं. म्हातारी निदान वाट तरी बघत राहील, लेक कुठंतरी नांदतेय म्हणून. पण पार्वताबाई दारातच उभ्या होत्या, आणि त्यांच्या तोंडाकडे बघून कुंदाला खोटं बोलवेना.

"अक्का, वेल सापडली. कौतिकच्या शेतात आहे, विहिरीच्या कपारीत. तुम्ही शेवटच्या दिवशी दिली ना, तीच काडी. दुसरी असूच शकत नाही."

हळूहळू पार्वताबाईंचा चेहरा असा उजळला की कुंदाला बघवेना.

"म्हंजे मनी बेबी पळनी नही?"

"नाही, अक्का. ती घरी पोचली होती."

"पोचनी व्हती!" पार्वताबाईंनी पदर खोचला आणि तरण्या बाईसारख्या गल्लीत धावल्या. "ऐका व! बठ्ठा जण ऐका! मनी बेबी पळनी नही! घर पोचनी व्हती ती, स्वताना घर पोचनी व्हती!"

दारं उघडली, बाया ओट्यांवर आल्या. पार्वताबाई एकेकीसमोर जाऊन तेच सांगत होत्या, रडत होत्या, हसत होत्या. इतक्या वर्षांत त्यांची मान अशी वर कोणी पाहिली नव्हती.

मग चालता चालता त्या एकदम थांबल्या. त्या कुंदाकडे वळल्या आणि अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं,

"ती विहीर कितली खोल शे, माय?"