धाकटे मागाहून

"लांब साखळ्या गेल्या कुठं गं?" म्मे मोसिदीनं पडद्यावरच्या आलेखावर बोट ठेवलं. प्रयोगशाळेत सगळ्यांत जुनी तीच, म्हणून सगळ्यांची म्मे, म्हणजे आई.

न्थाबेलेंग वाकून पाहू लागली. दक्षिण आफ्रिकेतल्या वाल नदीच्या पाण्यातला गाळ खाली बसवणारी ती पांढरी पावडर. तिच्या रेणूंच्या साखळ्या लांब असल्या तरच गाळ धरतात. त्या किती लांब, हे मण्यांनी भरलेली नळी सांगते. मण्यांना बारीक भोकं. छोट्या साखळ्या प्रत्येक भोकात डोकावत रेंगाळतात. लांब साखळ्या आत मावत नाहीत, म्हणून त्या आधी बाहेर पडतात. मोठे आधी, धाकटे मागाहून. आज सुरुवातीचा उंचवटाच नव्हता.

"टँकर दारात उभा आहे," न्ताते लेकाउ दारातून म्हणाले. माल या वडीलधाऱ्या न्तातेंच्या पाळीनं बनवला होता. "नापास केलात तर सगळा माल मातीत, आणि बोलणी आम्हाला!"

"अहो न्ताते, गाय हरवल्यासारखे ओरडू नका," म्मे मोसिदी म्हणाली.

न्थाबेलेंगच्या खांद्यावर सुतकाचा काळा तुकडा टाचलेला होता. कामावर परतल्याचा आज पहिला दिवस. "नाही जमलं तर आणखी रजा घे," साहेब मायेनंच म्हणाले होते. पण घरी बाळाच्या दुधाच्या बाटल्या अजून ओट्यावर पालथ्या होत्या. तिथं दिवस काढणं तिला आता शक्य नव्हतं.

तिनं नमुन्याची बाटली उजेडात धरली. झाकणाखाली फेस होता. ही पावडर पाण्यात आपली आपण विरघळू द्यायची असते. जोरानं हलवली की लांब साखळ्या तुटतात.

"मालात खोट नाही, न्ताते. बाटली मी हलवली."

"तू? तू तर नव्या पोरींना ओरडतेस!"

"पांढरी पावडर, कोमट पाणी… हात आपला आपणच…"

तिनं बाटली खाली ठेवली. न्ताते लेकाउंनी टोपी काढली. "टँकर थांबेल उद्यापर्यंत. ड्रायव्हरला चहा पाजतो."

म्मे मोसिदीनं कोरी बाटली तिच्यापुढं सरकवली. "घे. साहेबांना सांगते, निकाल उद्या."

"पुन्हा मीच करू?"

"तू नाहीतर कोण करणार? मी म्हातारी?"

न्थाबेलेंगनं पावडर पाण्यावर भुरभुरली, आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी पडद्यावरची रेघ चढू लागली.

"मा-नेओ," म्मे मोसिदी हळूच म्हणाली. बाळाला, नेओला, पुरल्यापासून 'नेओची आई' अशी तिला कुणी हाक मारली नव्हती. "आले बघ मोठे. माल पास. चल, पाप खायला, मक्याची उकड गरम आहे तोवर."

"तुम्ही व्हा पुढं, म्मे."

धाकटे अजून नळीतच होते. ते बाहेर येईपर्यंत ती जागची हलली नाही.